सोनाक्काचा चर

सोनाक्का माती खाते असं गावात म्हणायचे. ते खोटं होतं. ती माती चाखायची आणि थुंकायची. ढेकूळ अंगठ्यानं फोडायची, चिमूटभर जिभेवर ठेवायची, डोळे बारीक करायची आणि बाजूला थुंकायची. मग काय ते सांगायची. "गोडी हाय." नाहीतर, "मचूळ." शेवटची काही वर्षं एकच शब्द होता. "मीठ."

ती गेली त्याला दोन वर्षं झाली. परवा नात माठ घासत होती. तिनं विचारलं, "आजी, आत पाणी गोडं असतंय, मग माठाला भाईरनं पांढरं कुठनं येतंय?" मी उत्तर दिलं, आणि देता देता लक्षात आलं की हे उत्तर माझं नाही, सोनाक्काचं आहे. पाणी माठाच्या अंगातनं झिरपत बाहेर येतं. वारा त्याला पिऊन टाकतो. पाण्यात जे होतं ते वाऱ्याला पिता येत नाही, ते मागं राहतं. ते पांढरं. सोनाक्का पुढं म्हणायची, "आणि माझं रान म्हंजी मोठा माठच की. उपडा घातलेला."

आमचं गाव हातकणंगल्याच्या खाली, शिरोळच्या अंगाला. सपाट काळी जमीन, खाली नदी. सोनाक्काचं रान दीड एकर, आणि त्याला लागून ओढ्याकडच्या बाजूला आमचं. मधे एक बांध. तिचं रान बशीसारखं थोडं खोलगट. चारी बाजूंनी पाणी तिच्याकडे यायचं आणि ओढ्याला जायचं तर आमच्या रानातून जावं लागायचं. ही एवढीच भूगोलाची गोष्ट समजली तर पुढचं सगळं समजेल.

दिसायला ती उंच, काळी, हाडं मोठी. नवरा लवकर गेला. मुलगा महावीर इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला लागला आणि तिकडेच राहिला. ही इथं एकटी. आवाज असा की ती बांधावरून बोलली तर ओढ्यापलीकडची माणसं उत्तर द्यायची. मला ती "हौसे" म्हणायची, मी तिला आक्का. ती माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. आमची मैत्री होती असं मी म्हणणार नाही. शेजार होता.

आमची विहीर खोदली तेव्हा ती नुकती लग्न होऊन आली होती आणि पाट्या उचलायला होती. मी तेव्हा या घरात आलेही नव्हते. पण त्या विहिरीत काय काय निघालं ते तिला म्हातारपणापर्यंत पाठ होतं. वर पुरुषभर काळी. तिच्याखाली पिवळी चिकट. मग चुनखडीचे खडे. मग मुरूम. मग कातळ. भांगलायला बायका जमल्या की तिला मुद्दाम विचारायच्या, आक्का, सासरची माणसं सांग. ती खुरपं न थांबवता सांगायची.

"काळी म्हंजी सासू. वरनं मऊ, आत गच्च धरती. सुटू म्हणून देत न्हाय. चुनखडी म्हंजी नणंद, थोडीच असती पर टोचती. मुरूम सासरा. गरीब माणूस. कुणाला अडवत न्हाय, पाणी जातंय तर जा म्हणतो."

"आणि कातळ गं?"

"कातळ म्हंजी नवरा. बोलत न्हाय आणि हलत बी न्हाय."

बायका हसून लोळायच्या. ती हसायची नाही. एकदा मला एकटीला म्हणाली, "हसतीस काय हौसे, तुमच्या रानाखालचा कातळ आडवा हाय. धरणाच्या भिताडागत. म्या बघितलाय." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

तिची माणूस म्हणून वाईट बाजूही सांगते, नाहीतर ती देवी वाटेल. ती बांध कोरायची. दरवर्षी नांगरट करताना आमच्याकडचा बांध वीतभर आत घ्यायची. माझा नवरा दोरी घेऊन मोजायला गेला की कमरेवर हात ठेवून उभी.

"माझ्याकडं काय बघतोस? उंदरानं खाल्ला बांध."

"उंदराला औत धरता येतंय व्हय, वैनी?"

"तुझ्या रानातलं उंदीर हाईत. तूच शिकवलं आसशील."

या बांधावरून पंधरा वर्षं भांडण झालं. तलाठी येऊन गेला, पंच येऊन गेले. दोन्ही घरांचं जाणं-येणं बंद, सणाचं ताट बंद. बांध शेवटी राहिला तो एक माणूस आडवा पाय टाकून चालेल एवढा.

नदीचं पाणी उपसून रानात आलं तेव्हा गावानं नारळ फोडले होते. त्याआधी आमच्याकडे शाळू, हरभरा, कुठं भुईमूग. पाणी आल्यावर सगळीकडे ऊस. पाणीपट्टी एकरावर होती, पाणी किती घेतलं त्यावर नव्हती. मग पाळी आली की कोण हात आखडता घेणार? सऱ्या तुडुंब भरायच्या, पाणी बांधावरून उतू जायचं, तरी मोटर चालूच. जास्त पाणी म्हणजे जास्त ऊस असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. सोनाक्कालाही वाटायचं. ती पहिल्यापासून शहाणी होती असं काही नाही. एका वर्षी तिचा ऊस अख्ख्या शिवारात उंच आला होता आणि ती रस्त्यानं जाणाऱ्या पावण्याला हाक मारून दाखवायची, "पावणं, ह्यात हत्ती शिरला तर घावायचा न्हाय."

पहिली खूण बेंदराला दिसली. बेंदराला घरात मातीचे बैल करून पुजतात. सोनाक्का कुंभाराचे बैल घ्यायची नाही. आपल्या रानातली माती आणून स्वतः करायची, शिंगं मोठी, वशिंड मोठं. त्या वर्षी तिनं बैल केले, सावलीत वाळत ठेवले, आणि तिसऱ्या दिवशी बैल पांढरे झाले. नाकाडावर, शिंगांच्या टोकांवर, पाठीवर कोड फुटल्यासारखं. गल्लीतली पोरं नाचायला लागली, आक्काचं बैल खिल्लार झालं. सोनाक्कानं एक बैल उचलला, त्याच्या पाठीला जीभ लावली आणि थुंकली. मग बैल तसेच ठेवून रानात गेली. पूजा त्या वर्षी झाली नाही. ऊस तेव्हा हिरवागार होता. कुणालाच काही दिसत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात रानाच्या मधोमध परातीएवढा पांढरा डाग आला. मग दोन. मग सगळे मिळून एक. माती वरून फुगीर, पाय ठेवला की पिठासारखी दबायची, आणि खाली ओली चिकट. ऊस पिवळा पडला, गुडघ्याएवढाच राहिला.

तेव्हा गावातल्या जाणत्या माणसांनी जे सांगितलं तेच तिनं केलं. मीठ आहे ना, मग धुऊन काढा. तिनं पाण्याच्या दोन पाळ्या एकदम घेतल्या आणि चार दिवस रान तळ्यासारखं भरून ठेवलं. पाणी मुरलं आणि खरंच पांढरं गेलं. काळंभोर रान. ती घरोघरी सांगत फिरली. आमच्या दारातसुद्धा आली, भांडण असून. "गेलं बघ हौसे, आंघोळ घातली रानाला." पंधरा दिवसांत पांढरं परत आलं, दुप्पट. आधी जिथं नव्हतं तिथंही. खालचं मीठ पाण्यानं सुटलं होतं आणि पाण्याबरोबर वर चढलं होतं. वरचं पाणी उन्हानं, वाऱ्यानं गेलं, मीठ राहिलं. माठाचं गणित तिनं त्यानंतर मांडलं. ती चूक गावात सगळ्यांनीच केली, कुणी दोनदा, कुणी चारदा. पण बाकीचे म्हणाले नशीब. ती म्हणाली, "माझ्या हातानं मारलं मी त्याला."

तेव्हापासून तिचा खड्डा सुरू झाला. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला रानाच्या मधे पहारीनं हातभर रुंद भोक पाडायची, थोडा वेळ बसायची आणि पालथं पडून आत हात घालायची. बोटांना पाणी लागलं की हात कुठवर आत गेला ते बघायची. पहिल्यांदा खांदा जमिनीला टेकला तेव्हा पाणी लागलं. वर्षभरानं कोपरावर लागलं. येणारे-जाणारे चेष्टा करायचे.

"आक्का, नाडी घावली का?"

"घावली की. तुझी बी घावंल, घाई करू नको."

त्या भोकातली ओली माती ती वर काढून पसरायची आणि बोटानं चिवडायची. गांडूळ शोधायची. आधी दोन-चार निघायची, मग एक, मग काही नाही. मातीला वास यायला लागला होता, साचलेल्या गटारासारखा. मी एकदा बांधावरून विचारलं, एवढं पाणी असून ऊस का वाळतो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आंधळी आहे.

"मुळी पाणी पीती तशी दम बी घेती हौसे. वाफसा म्हंजी काय? थोडं पाणी, थोडं वारं. माझ्यात वारं राहिलंच न्हाय. ते मूळ तहानेनं न्हाय मरत, गुदमरून मरतंय. तुझं नाक-तोंड बुडवलं आणि म्हटलं पी किती पितीस ते, तर?"

मग महापूर आला. गावात कमरेएवढं पाणी, घरं पडली, जनावरं गेली. पाणी उतरल्यावर सगळे चिखल उपसत रडत होते. आख्ख्या गावात खूश असलेली बाई एकच. सोनाक्काच्या घराची एक भिंत गेली होती, पण ती रानात होती. नदीनं तिच्या रानावर वीतभर नवा गाळ आणून टाकला होता. मऊ, गोडा, वरच्या घाटातून आलेला. ती त्यात अनवाणी चालत होती. "गगनबावड्याची माती हाय ही," म्हणाली, "माझ्यासाठनं आली." लोकांना राग आला. एकीनं तिला तोंडावर शिव्या दिल्या. तिनं ऐकून घेतल्या आणि शाळू पेरला. शाळू मांडीएवढा आला. मग पानांची टोकं जळाली, जळत जळत खाली आली आणि संक्रांतीपर्यंत रान पुन्हा पांढरं. खालच्या मिठाला वीतभर गाळातून वर यायला एवढाच वेळ लागला. महिनाभर तिचा आवाज शिवारात ऐकू आला नाही, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

शेती खात्याच्या एक बाई आल्या होत्या, मातीचा नमुना न्यायला. तरुण, पण चिखलात उतरणाऱ्या. सोनाक्का त्यांना म्हणाली, "कागद कशाला? चाखून सांगतो की मी. मीठ हाय."

बाई म्हणाल्या, "आक्का, कागदाशिवाय सरकारला चव कळत नाही."

सोनाक्काला ते उत्तर फार आवडलं. त्या बाईंचं तिनं सगळं ऐकलं. बाईंनी सांगितलं की वरून काहीही टाकलं तरी उपयोग नाही. खाली साचलेलं पाणी काढून द्यायला हवं. रानातून खोल चर, तो ओढ्यापर्यंत. पाणी निघालं की पावसाचं गोडं पाणी मीठ घेऊन खाली जाईल आणि चरातून बाहेर. तीन-चार पावसाळे गेले तर रान परत येईल. मशीन योजनेतून मिळेल. फक्त खालच्या शेतकऱ्याची संमती पाहिजे, सहीची.

खालचा शेतकरी म्हणजे आम्ही.

माझा नवरा तोवर गेला होता. रान मुलाच्या, विजयच्या नावावर होतं. सोनाक्का एका सकाळी धुतलेलं लुगडं नेसून, संमतीचा कागद पिशवीत घालून आमच्या जोत्यावर येऊन बसली. पंधरा-सोळा वर्षांनी ती आमच्या घरी बसली होती. मी चहा केला. तिनं कप हातात धरला, प्याली नाही.

"इज्या, तुझ्या रानातनं चार फूट जागा दे. चर काढून पुन्हा बुजवून दितो म्हणतात, खाली पाइप राहील. वरनं तू ऊस कर."

"उभा ऊस हाय काकू. मशीन कुठनं जाणार?"

"ऊस तुटल्यावर."

"आणि तुमचं खारं पाणी आमच्यातनं जाणार. आमचं रान खराब झालं मग?"

"ते आता बी जाणारच हाय रं. पाणी काय तुझ्या बांधाला विचारून थांबतंय? तुमच्या खालचा कातळ आडवा हाय, त्याला थटून माझ्यात तुंबलंय. उद्या वर चढंल, तुझ्यात यील. मी हात घालून बघितलंय. मनगटावर हाय आता."

विजय म्हणाला, "आबांनी मरताना सांगितलंय, त्या बाईला बोटभर जागा द्यायची न्हाय."

सोनाक्कानं माझ्याकडे पाहिलं.

माझा नवरा मरताना काही म्हणाला नव्हता. आठ दिवस त्याची वाचा गेली होती. त्याच्या उशाशी मी होते. हे मला माहीत होतं, आणि मी चहाचं भांडं घेऊन आत गेले. का गेले, याचं चांगलं कारण माझ्याकडे नाही. पंधरा वर्षांचा बांध माझ्याही डोक्यात होता.

ती उठली. चहाचा कप भरलेला तसाच जोत्यावर ठेवला. जाताना एवढंच म्हणाली, "मेलेल्या माणसाला काय विचारायचं आता."

त्या उन्हाळ्यात तिनं चर खणायला घेतला. एकटीनं. वय सत्तरीच्या पुढं. वरच्या टोकापासून आमच्या बांधाच्या दिशेनं, कुदळ, खोरं आणि पाटी घेऊन. ओली काळी माती खोऱ्याला अशी चिकटायची की प्रत्येक घावानंतर खुरप्यानं खरवडून काढावी लागायची. सकाळी सातला यायची, ऊन डोक्यावर आलं की बाभळीखाली भाकरी खायची, पुन्हा उतरायची. पहिल्या आठवड्यात ती गुडघ्याएवढी आत होती, महिन्यानं छातीएवढी. आमच्या रानातून पाहिलं की फक्त डोकं आणि वर फेकलेली माती दिसायची. महावीर एकदा येऊन ओरडून गेला. तिनं खालूनच उत्तर दिलं, "तुझ्या यंत्रावर मी येतो का सांगायला?"

मी एकदा पाण्याची कळशी घेऊन गेले. ती वर आली नाही. हात वर केला, तांब्या घेतला, प्याली.

"आक्का, ऊन लागून मरशील की."

"मेलो तर ह्यातच लोटा. खड्डा तयारच हाय."

"पुढं बांधापाशी काय करणार हाईस?"

"बांधापर्यंत माझं हाय. तिथंवर काढतो."

आणि तिथंवर काढला. ज्या बाईनं आयुष्यभर आमचा बांध कोरला, तिनं चर बांधाच्या अलीकडे हातभर जागा सोडून थांबवला. कड दोरी लावल्यासारखी सरळ. दुसऱ्या दिवशी सकाळी चरात पाणी भरलेलं होतं. तांबूस, वर तेलासारखी साय. त्याला जायला वाट नव्हती. ती काठावर बसून पाहत होती. पावसाळ्यात दोन्ही बाजू ढासळल्या आणि चर निम्मा बुजला.

चरात पाणी भरलं त्या संध्याकाळी मी विजयला सांगितलं, "तुझा बा मरताना काय बोलला न्हवता."

तो ताटावरून मान न उचलता म्हणाला, "मला ठाऊक हाय आई. मीच रचून सांगितलं की ते."

त्याला माहीत होतं आणि मलाही. आम्ही दोघं जेवलो.

तीन वर्षं अशीच गेली. मग आमच्या रानाच्या वरच्या अंगाच्या सऱ्या पिवळ्या पडल्या. आधी दोन, पुढच्या वर्षी अकरा. विजय बांधावर उभा राहून पाहत राहिला. सरीच्या वरंब्यावर पांढरं फुटलं होतं. मी चिमूट उचलून जिभेवर ठेवली. मला चव घेता येत नाही तिच्यासारखी, पण मीठ कुणालाही कळतं.

ऊस तुटून गेल्यावर, वैशाखात, विजयनं मशीन आणलं. ओढ्यापासून चर काढत वर आला. तिच्या बांधाच्या अलीकडे, पुरुषभर खाली, बकेट खरखरलं. कातळ. ती म्हणाली होती तिथंच, म्हणाली होती तसाच, आडवा, विहिरीपेक्षा इथं वर आलेला. फोडायचं मशीन वेगळं आणावं लागलं. दीड दिवस कातळ फुटत होता, आवाज गावात ऐकू येत होता. कातळाच्या पलीकडची माती मोकळी झाली आणि पाणी आलं. सुरुवातीला धार, मग लोट. कितीतरी वर्षांचं साचलेलं, चहाच्या रंगाचं, खारं पाणी आमच्या रानातून ओढ्याला गेलं. चार दिवस जातच होतं.

सोनाक्काला कुणी बोलावलं नव्हतं. आवाज ऐकून ती काठी टेकत आली. आता ती वाकली होती, श्वास लागत होता. चराच्या कडेला उभी राहून तिनं फुटलेला कातळ पाहिला, पाणी पाहिलं. विजय मान खाली घालून उभा होता.

"इज्या, चांगलं केलंस," ती म्हणाली. "चार वरसं लवकर करायचं हुतास."

"चुकलं काकू."

"चुकलं न्हाय. तुझ्यात मीठ आलं म्हणून केलंस. माझ्यात हुतं तवा दिसत न्हवतं. डोळं सगळ्यांचं तसंच असत्यात."

विजयला तेव्हा माहीत नव्हतं, मलाही नाही. दोन महिन्यांपूर्वी महावीरनं रानाच्या विक्रीचा कागद करून दिला होता. इचलकरंजीच्या एका माणसाला तिथं यंत्रमागाची शेड घालायची होती. शेडला माती चांगली लागत नाही. वर पाच फूट मुरूम टाकला की झालं. ताबा दिवाळीनंतर. महावीरचंही काय चुकलं? सात वर्षं ज्या रानात मूठभर दाणा झाला नाही, ते कशासाठी ठेवायचं? तिनंही अंगठा दिला होता. चर निघण्याच्या दोन महिने आधी.

मला हे तिच्याच तोंडून कळलं. मी म्हटलं, "आता निचरा झालाय आक्का. त्या बाई म्हणाल्या होत्या तीन-चार पावसाळे. महावीरला सांग, मोडू दे तो व्यवहार."

"कागद झाला. माझा अंगठा हाय त्याच्यावर," ती म्हणाली. "आणि तीन-चार पावसाळं माझ्याकडं हाईत व्हय?"

त्या पावसाळ्यात आषाढात चार दिवस उघडीप होती. दुपारी मी रानाकडे गेले, चरातलं पाणी बघायला. सोनाक्का आपल्या रानात होती. काठी चिखलात रोवून ठेवली होती. लुगड्याची ओटी केली होती आणि त्यात जोंधळा. मूठ भरून घ्यायची, हात फिरवून फेकायची, एक पाऊल पुढं टाकायची. चिखलात पाय रुतायचा, तो ओढून काढायला तिला वेळ लागायचा. जमीन काही ठिकाणी काळी दिसत होती, पण खाली अजून मीठच होतं. मी जाणत होते, ती माझ्यापेक्षा जास्त जाणत होती.

"आक्का, उगवणार न्हाय ते."

"ठाऊक हाय."

"मग? आणि उगवलं तरी दिवाळीनंतर वर मुरूम पडणार."

"कोण उगवाय पेरतंय, हौसे?" तिनं मूठ फेकली. "पाखरं तरी खायला उतरतील. किती वरसं झाली, ह्या रानात पाखरू बसत न्हाय. किडा न्हाय, गांडूळ न्हाय, ते कशाला बसंल? आज दाणा हाय. जितं काय तरी एकदा उतरू दे ह्याच्यावर. मग घालू दे मुरूम."

मी बांधावर बसले. घरी पुष्कळ काम पडलं होतं, तरी बसले. ती पेरत एका बाजूच्या बांधाला पोचली, वळली, पुन्हा पेरत आली. दाणे चिखलावर उघडेच पडले होते, लांबूनही दिसत होते. ओढ्याकडून एक साळुंकी आली. तिच्या रानावरून खालून गेली, इतकी खालून की मला वाटलं उतरली. ती वळून आमच्या उसात बसली. सोनाक्का मूठ वर धरून थांबली होती.

"हिकडं गं," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, घरातल्या माणसाला म्हणतात तसं.

साळुंकी उसातून उठली आणि आली होती त्याच वाटेनं ओढ्याकडे गेली. सोनाक्कानं मूठ सोडली, ओटीत पुन्हा हात घातला आणि चिखलातून पुढचा पाय उपसायला लागली.